सात इनिंगचा पिचर

भिंतीवर आपल्या मुलाचं, प्रणयचं नाव नाही, हे आधी जयवंतच्या लक्षात आलं आणि तो गेटकडे वळला. सुरेखाने मजकूर वाचला, चष्मा साडीच्या पदराला पुसला आणि पुन्हा वाचला.

"जयवंत, हे काय आहे?"

"चल, आत जाऊ. प्रणय वाट बघत असेल."

"मी विचारतेय, हे काय आहे?"

ऑकलंड मोरपोर्क्स या बेसबॉल क्लबला दहा वर्षं झाली होती. मोरपोर्क म्हणजे न्यूझीलंडमधलं लहानसं घुबड. टीमच्या टोपीवर ते डोळे वटारून बसलेलं असायचं. क्लब व्यावसायिक होता. खेळाडूंना पगार असायचा, अमेरिकेतून दरवर्षी दोन-चार पाहुणे खेळाडू यायचे, आणि मैदान होतं पापाटोएटो उपनगरात, सुरेखा-जयवंतच्या घरापासून रेल्वेलाइन ओलांडली की पलीकडे. दशकपूर्तीसाठी क्लबने स्टँडच्या बाहेरच्या भिंतीवर अविस्मरणीय क्षणांची मोठमोठी चित्रं रंगवून घेतली होती. पहिला विजय. स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर जाऊन पडलेला तो प्रचंड फटका. दिवे गेले तेव्हा लोकांनी गाड्यांचे हेडलाइट लावून पुरी केलेली मॅच. आणि नो-हिटर.

बेसबॉलमध्ये पिचर बॉल टाकतो आणि बॅटर तो मारायला बघतो. नऊ इनिंगच्या अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या एकाही बॅटरला नीट फटका मारून बेस गाठता आला नाही, तर ती मॅच नो-हिटर. मोरपोर्क्सच्या दहा वर्षांत असं एकदाच घडलं होतं, चार वर्षांपूर्वी. त्या मॅचच्या पहिल्या सात इनिंग प्रणयने टाकल्या होत्या. शेवटच्या दोन ब्रँडन हॅलोरन नावाच्या अमेरिकन पिचरने.

चित्रात हॅलोरन एकटा होता, दोन्ही हात वर केलेला. खाली लिहिलं होतं: 'हॅलोरनचा नो-हिटर. त्या दिवशी एका माणसाने इतिहास घडवला.'

सुरेखा पुलांची इंजिनिअर. मधले खांब वगळून पूल उभा आहे असं कोणी दाखवलं तर तिला जसं वाटलं असतं, तसंच तिला आता वाटत होतं. तिच्या वडिलांनी पुण्यात उभी हयात वाचनालय सुरू करून ते चालवण्यात घालवली होती, आणि ते वाचनालय कोणी सुरू केलं हे सांगताना लोक त्यांचं नाव सोडून बाकी सगळ्यांची नावं घ्यायचे. नाव गळत नसतं पोरी, गाळलं जातं, असं ते म्हणायचे.

गेटपाशी क्लबचा मार्केटिंग मॅनेजर शंतनू पाहुण्यांचं स्वागत करत होता. मूळचा पुण्याचा, दोन वर्षांपूर्वी क्लबमध्ये आलेला. सुरेखाला बघून तो पुढे आला.

"किआ ओरा, काकू. कसं वाटतंय सगळं?"

"त्या नो-हिटरच्या चित्रात माझा मुलगा कुठे आहे?"

शंतनूचं हसू जरासं आखडलं. "काकू, आर्टिस्टला एकच फिगर हवी होती. लोकांना शेवटचा क्षण आठवतो. त्या मॅचमध्ये हीप्स ऑफ लोक इन्व्हॉल्व्ड होते, सगळ्यांना कसं घेणार? जागाच नव्हती."

"चित्रात जागा नव्हती, ठीक आहे. खालच्या ओळीत? 'एका माणसाने' असं लिहायला जागा झाली. 'दोघांनी' लिहायला त्याहून कमी लागते."

"आम्ही प्रणयला विचारलं होतं," शंतनू आवाज खाली आणून म्हणाला. "डिझाइन पाठवलं होतं त्याला. तो म्हणाला, स्वीट ॲज, एकदम चालेल."

यामुळे सुरेखाचा राग निवळला नाही. त्याने फक्त दिशा बदलली.

प्रणय सकाळच्या विमानाने वेलिंग्टनहून आला होता. तिथे तो एका सरकारी खात्यात नकाशांचं काम करायचा. सत्तावीस वर्षांचा, उंच, उजवा हात नेहमी जरा अंगाशी धरून चालणारा. नो-हिटरच्या पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिसमध्ये त्याच्या कोपरातला लिगामेंट तुटला, ऑपरेशन झालं, आणि खेळ संपला. घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं.

तो स्टँडमध्ये चिप्स खात बसला होता. सुरेखा त्याच्या शेजारी बसली.

"तू हो म्हणालास?"

कशाला, हे त्याने विचारलं नाही. "इट्स फाइन, आई."

"माझ्याशी मराठीत बोल."

"चालतंय मला. खरंच. तो दिवस मला भिंतीवर नकोय."

"का? तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच होती ती. आख्खं मैदान उभं होतं. मी उभी होते. सातव्या इनिंगला चुकीच्या बॉलमुळे दोन माणसं बेसवर पोचली होती आणि तू शेवटच्या बॅटरला तीन बॉलमध्ये बाद केलंस. मला आजही दिसतं ते."

"मला पण दिसतं," प्रणय म्हणाला. चिप्सचा पुडा त्याने खाली ठेवला. "त्यातल्या दुसऱ्या बॉलला तुटलं, आई."

जयवंत पलीकडून वाकून ऐकू लागला.

"काय तुटलं?"

"कोपर. प्रॅक्टिसमध्ये नाही झालं ते. पाचव्या इनिंगपासून दुखत होतं. मी डगआउटमध्ये, आमच्या बाकांपाशी येऊन कोचला सांगितलं, समथिंग्ज राँग. तो म्हणाला, अजून एक टाक, लोक उभे आहेत, टीव्हीवाले आलेत. सहावी टाकली. परत सांगितलं. परत म्हणाला, अजून एक. तिसरा बॉल मी कसा टाकला मला माहीत नाही. बोटं कळत नव्हती."

"आणि प्रॅक्टिसचं?"

"तो म्हणाला, मॅचमध्ये झालं असं सांगितलंस तर लोक विचारतील की तुला काढलं का नाही. प्रॅक्टिसमध्ये झालं म्हण, पुढच्या वर्षी तुझी जागा पक्की. मी तेवीस वर्षांचा होतो. वाटलं, पुढचं वर्ष येईल."

पुढचं वर्ष आलं तेव्हा क्लबने त्याला बोलावलं नव्हतं, हे सुरेखाला आठवत होतं. तेव्हा ती म्हणाली होती, हात बरा नाही, तेही काय करणार. स्वतःच्या त्या समजूतदारपणाचा तिला आता संताप आला. चार वर्षं या पोराने हे एकट्याने ओठाआड ठेवलं होतं. आणि ज्यांनी त्याचा हात वापरला, त्यांनी त्याच दिवसाचं चित्र काढून त्यातून त्यालाच पुसलं होतं.

"तुला विसरायचं असेल तर विसर," ती म्हणाली. "तो तुझा हक्क आहे. पण यांना नाही. यांनी खोटं लिहायचं आणि वर तुझ्याकडूनच त्याला हो म्हणवून घ्यायचं?"

उठला तो जयवंत. आयुष्यभर जाऊ दे, सोडून दे म्हणत आलेला जयवंत.

"कुठाय तो कोच?"

कोच आता निवृत्त झाला होता आणि मैदानाच्या कडेला पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत, क्लबच्या मालकाशेजारी बसला होता. जयवंत पायऱ्या उतरायला लागला. प्रणयने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"बाबा, बसा. तुम्ही नाही."

"मग कोण?"

"मी बघतो."

मॅचच्या आधी जुन्या खेळाडूंना मैदानात बोलावलं गेलं. ते ओळीने उभे राहिले आणि माईक हातोहात पुढे जाऊ लागला. प्रत्येकाने नाव सांगायचं आणि एक आठवण. कोणी आईचे आभार मानले, कोणी बसमध्ये विसरलेल्या बुटांची गोष्ट सांगितली, लोक हसले. हॅलोरन खास अमेरिकेहून आला होता. तो म्हणाला की न्यूझीलंडमधल्या त्या संध्याकाळइतकं मोठं त्याच्या वाट्याला पुढे काही आलं नाही. टाळ्या झाल्या. मग माईक प्रणयकडे आला.

तो इंग्रजीत बोलला, हळू, आवाज न चढवता. त्याने नाव सांगितलं. म्हणाला, "त्या नो-हिटरच्या पहिल्या सात इनिंग मी टाकल्या. पाचव्यानंतर मी हात दुखतोय म्हणून सांगितलं, सहाव्यानंतर पुन्हा सांगितलं. मला दोन्ही वेळा परत पाठवलं गेलं. सातव्या इनिंगमध्ये माझं कोपर गेलं आणि नंतर ते प्रॅक्टिसमध्ये गेलं असं मला सांगायला लावलं. ब्रँडनने पुढच्या दोन इनिंग फार सुंदर टाकल्या. बाहेर भिंतीवर एक माणूस आहे. आम्ही दोघं होतो. एवढंच."

टाळ्या वाजल्या नाहीत. मालक कोचकडे बघत होता आणि कोच मैदानाकडे. हॅलोरन ओळ मोडून प्रणयपाशी आला आणि माईकपासून दूर विचारलं, हे खरं आहे का. प्रणयने होकारार्थी मान हलवली. नंतर मॅचचा मानाचा पहिला बॉल हॅलोरनने टाकायचा होता, पण तो टाकायला गेला नाही. सरळ बाहेर निघून गेला.

शंतनू स्टँडमध्ये धावत आला. "काकू, स्पॉन्सर बसलेत सगळे. ही काय जागा होती का हे बोलायची?"

"चार वर्षांत दुसरी कुठली दिली होती?" सुरेखा म्हणाली.

मग तो म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं, काकू. मी तेव्हा इथे नव्हतो." ते खरं असावं. पण त्याच्यावर दया करायला सुरेखाकडे त्या संध्याकाळी जागा नव्हती.

पुढचे काही आठवडे फोन येत राहिले. एका रेडिओवाल्याने प्रणयची मुलाखत घेतली. त्या टीमच्या कॅचरने, म्हणजे पिचरचे बॉल झेलणाऱ्या खेळाडूने, स्वतःहून पुढे येऊन सांगितलं की पाचव्या इनिंगनंतरचं बोलणं त्याने कानांनी ऐकलं होतं. क्लबने एक निवेदन काढलं. त्यात 'संवादातील त्रुटी' असे शब्द होते. सुरेखाने ते निवेदन जयवंतला मोठ्याने वाचून दाखवलं.

"त्रुटी," ती म्हणाली. "पोराने दोनदा तोंडाने सांगितलं. अजून कसला संवाद हवा होता यांना?"

कोचने एक शब्दही उच्चारला नाही. त्याला क्लबच्या सगळ्या कार्यक्रमांतून वगळल्याचं कळलं, त्यापलीकडे त्याचं काही वाकडं झालं नाही. लीगने मात्र नियम केला की खेळाडूने दुखतंय म्हटलं की निर्णय कोचने घ्यायचा नाही, क्लबच्या पगारावर नसलेल्या डॉक्टरने घ्यायचा. आणि भिंत पुन्हा रंगवली गेली. आता तिथे दोघं आहेत, नावांपुढे सात आणि दोन असे आकडे आहेत. जयवंत येता-जाता बघून येतो. सुरेखा एकदाच गेली. तिला ते चित्र बरं वाटलं, पण पुरेसं वाटलं नाही, आणि पुरेसं वाटल्याचं सोंग तिने केलं नाही.

जूनमध्ये, तिथल्या ऐन हिवाळ्यात, एका रविवारी प्रणयचा फोन आला. वेलिंग्टनला दक्षिणेचा गार वारा सुटला होता.

"हात ठणकतोय का?" तिने विचारलं.

"हो. शुक्रवारी ऑफिसमध्ये फाइल उचलता आली नाही, तर एकाने विचारलं काय झालं. मी सगळं सांगितलं त्याला. आधी म्हणायचो, जुनी इंजरी."

"मग?"

"मग काही नाही. त्याने फाइल उचलली." पुढे तो म्हणाला, "आई, मला आत्ता राग यायला लागलाय. इतक्या उशिरा. हे नॉर्मल आहे का?"

"येऊ दे," सुरेखा म्हणाली. "तू जेवलास का?"