भरून दिलेली बाटली

भामाने तांब्यावरचं फडकं काढलं आणि तांब्या आपटेकरांपुढे धरला.

"घ्या सायेब. सकालपासून बोलताय, घसा सुकला आसंल."

सरकारी वकील हायम आपटेकर सकाळपासून खरंच बोलत होते. पनवेलच्या कोर्टात त्यांचा युक्तिवाद नुकताच संपला होता आणि जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल लागायचा होता. आवारातल्या चिंचेखाली उभं राहून, आपल्या हातून एक चांगलं काम तडीला गेलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. वकिलाला असं वाटू लागलं की त्याने सावध व्हावं, पण हे त्याला सांगणार कोण?

खटला डॉक्टर धारपांवर होता. खाडीकडच्या मिठागरांच्या गावांतून ते फेरीला जात, सुई टोचत आणि रोख पैसे घेत. त्या सुईत औषध नव्हतंच, असं सरकारचं म्हणणं. भामाचा जगन, सहा वर्षांचा, छातीत कफ भरून गेला. त्याआधी त्याच गावात आणखी तिघं गेली होती. पण त्या तिघांच्या घरची माणसं साक्षीला उभी राहिली आणि डॉक्टर म्हणजे देवमाणूस, असं सांगून उलटली. दवाखान्याची झडती घेतली, तर कपाटात सगळी अस्सल, सीलबंद औषधं. उरली एक बाटली. दुसऱ्या दिवशीच्या सुईसाठी डॉक्टर ती अर्धी भामाच्या घरी ठेवून गेले होते आणि दुसऱ्या दिवशी जगन नव्हता. पुढे पोलिसांनी ती जप्त केली. मुंबईच्या प्रयोगशाळेने कळवलं, औषधाचा अंशही नाही, निव्वळ खारट पाणी.

त्या खारट पाण्यावर आपटेकरांनी आज सकाळचं कोर्ट गाजवलं होतं. औषध राहू द्या, या माणसाने त्या लेकराला गोडं पाणीसुद्धा टोचलं नाही, असं ते म्हणाले तेव्हा मॅजिस्ट्रेटांनी मान वर करून आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं होतं. धारप मात्र हाताची घडी घालून शांत बसले होते, जणू खटला दुसऱ्याच कुणावर चालला होता. आपण औषधच दिलं, एवढंच ते पहिल्या दिवशी म्हणाले आणि नंतर काहीच बोलले नाहीत. त्या शांतपणाची आपटेकरांना चीड होती, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही होती.

त्यांनी तांब्या उंच धरून एक घोट घेतला. तोंड वाकडं होऊ नये म्हणून तो घाईने गिळला.

"खारट आहे गं हे."

"आमच्या हिरीचं पानी तसंच हाय, सायेब. मिठागर लागूनच ना. मालूला दुसरं पानी बाधतं, म्हनून घरनं आनलं."

मालू, तिची धाकटी, तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. मध्येच झोपेत खोकली.

आपटेकरांनी दुसरा घोट घेतला. तहान आता नव्हती.

"भामा, पोलीस येईपर्यंत ती बाटली कुठे होती?"

भामाने सरळ सांगितलं. सुतक फिटल्यावर तिने घर सारवलं, भांडीकुंडी घासली, कोनाड्यातली ती बाटलीही ओतून, विसळून पालथी घातली. मग दोन दिवसांनी हवालदार आला आणि डॉक्टरची बाटली दे म्हणाला.

"आणि तू ती तशीच रिकामी दिलीस?"

"रिकामी कशी देव?" भामाला प्रश्नाचंच नवल वाटलं. "घरातनं रिकामं भांडं कोनाच्या हातात देत नाय आमी. त्यात घरातलं पोर गेलेलं. रांजनातलं पानी भरलं नि दिली."

आजूबाजूला कुणी नव्हतं. हवालदार फाटकापाशी विडी ओढत होता. आपटेकरांचा थोरला भाऊ गेल्या साली, कोकणातल्या इतर बेने इस्राएल ज्यूंसारखाच, बायकामुलांसह इस्राएलला गेला, तेव्हा बोटीवर चढताना त्याने विचारलं होतं, तुझं इथे काय अडलंय? या माणसांच्या बाजूने कुणीतरी उभं राहायला नको का, असं आपटेकर तेव्हा म्हणाले होते. धारपांच्या सुईत काही नव्हतं, याबद्दल त्यांना आजही तिळमात्र शंका नव्हती. बाटलीचं हे गुपित राहिलं, तर माणूस आत जाणार होता आणि खाडीकडची चार पोरं वाचणार होती.

हे कुणाला बोलू नकोस, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आयतं येऊन थांबलं. ते इतक्या सहज आलं, याचाच त्यांना धसका बसला. त्यांनी तांब्या परत दिला. भामाने त्यावर फडकं नीट बांधलं.

सुट्टी संपल्यावर आपटेकर उभे राहिले आणि एका साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याची परवानगी मागितली. साहेबांनी आपल्याला पुन्हा बोलावलं म्हणून भामा खुशीत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आली. मघाचंच तिने तसंच्या तसं सांगितलं. मॅजिस्ट्रेटांनी लेखणी खाली ठेवून आपटेकरांकडे बराच वेळ पाहिलं. निकालाला मग फारसा वेळ लागला नाही. धारप निर्दोष सुटले.

बाहेर चिंचेखाली धारप आपण होऊन त्यांच्यापाशी आले.

"सरळ माणूस आहात तुम्ही, आपटेकर," त्यांनी हात जोडले. टोमणा नव्हता त्यात, हेच वाईट होतं.

मग त्यांची नजर भामाच्या खांद्याकडे गेली. त्यांनी मालूच्या पाठीवर दोन बोटं ठेवली आणि मान कलती करून तिचा श्वास ऐकला.

"कफ धरलाय हिच्या छातीत. उद्या फेरी तुमच्याच गावाला आहे. घरीच ठेव हिला. पैसे नकोत मला."

बॅग उचलून ते टांग्याकडे गेले. रस्त्यावरच्या दोघातिघांनी त्यांना वाकून नमस्कार केला.

भामा टांगा वळेपर्यंत बघत राहिली. कोर्टातलं इंग्रजी तिला कळलं नव्हतं. डॉक्टरांचा काही गुन्हा नाही, असं शिपायाने तिला सांगितलं होतं, आणि बाटलीचं विचारायला साहेबांनीच तिला उभं केलं होतं.

"मंजी तवा ते औषधच व्हतं का, सायेब?" तिने हळूच विचारलं. "उद्या हिला सुई देव ना?"

आपटेकरांच्या जिभेवर ती खारट चव अजून होती. काय सांगायचं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं आणि ते सांगायचा अधिकार त्यांनी आत्ताच, सगळ्यांसमक्ष, सोडला होता. मालू पुन्हा खोकली. भामाने तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.