दुसरीच्या ओठांवरची माफी

पडद्यावर नायिका रडली की सगळं थिएटर रडायचं, आणि ते रडणं असायचं आवाजवालीचं. नायिकेचा चेहरा देखणा, पण आवाज घोगरा, कायम सर्दी झाल्यासारखा. म्हणून गेली अठरा वर्षं प्रत्येक सिनेमात तिच्या ओठांवर ही बाई बोलत आली होती. बाहेर कुणाला सांगायचं नाही, असं करारातच लिहिलेलं. पण घरात कसला आलाय करार? तिचा एकुलता एक मुलगा घुम्या, चार शब्द बोलायला आठ दिवस लावणारा, पण एवढं एक मात्र शाळेपासून सगळ्यांना सांगत सुटायचा, "तो आवाज माझ्या आईचा आहे."

आता घुम्या आघाडीवर होता. लढाईला दुसरं वर्ष लागलेलं. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा, मागे रांग असायची, म्हणून तीनच मिनिटं. त्या तीन मिनिटांसाठी तिचा जीव आठवडाभर टांगणीला लागलेला असायचा.

अशात नायिकेने चौकातल्या सभेत उभं राहून, आपल्या त्या घोगऱ्या आवाजात, सांगून टाकलं, "ही लढाई थांबवा. आमची पोरं घरी आणा."

झालं! कालपर्यंत तिच्या सहीसाठी धक्के खाणाऱ्यांनी तिच्या पोस्टरना काळं फासलं. आघाडी कुठल्या दिशेला आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं, तेसुद्धा तावातावाने बोलू लागले. नट्यांनी नाचावं, लढाईत नाक खुपसू नये, असं सांगायला रोज टीव्हीवर चारजण बसायचे, आणि त्यातल्या एकाच्याही घरचं कुणी लढायला गेलेलं नव्हतं. आवाजवाली हे सगळं बघत होती. नायिका बोलली ते तिच्या अगदी मनातलं होतं. पण मनातलं बोलायची सवय तिला कुठे होती?

नायिकेचा नवा सिनेमा अडकला. माफी मागा म्हणून निर्माता तिच्या विनवण्या करून थकला. ती ढिम्म. मग एका सकाळी त्याने आवाजवालीला स्टुडिओत बोलावलं.

"चेहरा आपल्याकडे आहे," तो म्हणाला. "या सिनेमातला एक तुकडा आहे. मागे कोरी भिंत, अंगावर साधे कपडे, डोळ्यांत पाणी. फक्त आवाज हवाय. माफीचा."

"आणि बाईंना कळलं तर?"

"कळू दे की. सभेत तिचा घसा बसला होता, असंच लोकांना वाटतंय. लोक कुणाचा आवाज ओळखतात? तिचा की तुझा?" मग तो जरा जवळ सरकला. "तुझा मुलगा पुढच्या तुकडीत आहे ना? माझा मेहुणा सैन्याच्या कचेरीत आहे. मागे कोठारात बदली होईल. धान्याची पोती मोजेल, पण जिवंत राहील."

ती हो म्हणाली. कुठली आई नाही म्हणाली असती, ते मला दाखवा!

अंधाऱ्या खोलीत तो तुकडा सुरू झाला. मेलेलं मूल कवेत घेऊ पाहणारी आई डॉक्टरला म्हणते, "माझं बाळ परत द्या." मूल चौकटीबाहेर होतं, दिसत होता फक्त चेहरा. आवाजवालीच्या हातात कागद होता, "मला क्षमा असावी." तिने दोनदा बोलून पाहिलं आणि मान हलवली.

"हे बसणार नाही," ती म्हणाली. "बाईंचे ओठ तीनदा मिटतायत. माझं, बाळ, परत. म, ब, प. तिथे ओठ मिटणारीच अक्षरं हवीत." तिने कागदावर खाडाखोड केली. "'मी माफी मागते' घ्या. तीन म, मधल्या फला ओठ पुरते मिटत नाहीत. चपखल बसेल."

कामाची सवय वाईट असते. जिथे चुकवायला हवं होतं, तिथे तिने सुधारून दिलं. एकाच टेकमध्ये ओके झालं. काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने डोळे पुसले.

ती माफी सगळीकडे दाखवली गेली. नायिका ओरडून सांगत होती की मी माफी मागितलेलीच नाही, पण त्या घोगऱ्या आवाजावर विश्वास कोण ठेवणार? लोक म्हणाले, आधी माफी मागते आणि मग फिरते. आवाजवालीचं नाव घेतलं असतं तर नायिका सुटली असती. तिने ते घेतलं नाही. आवाजवालीचा मुलगा कुठे आहे, हे तिला माहीत होतं.

रविवारी दुपारी फोन आला.

"बदलीचा कागद आला का रे?" तिने आधी तेच विचारलं.

"आला." मग तो एका दमात बोलत सुटला, एवढं तो कधीच बोलत नसे. "आई, बाईंचं भाषण इथे सगळ्यांनी पाठ केलं होतं. चोरून ऐकायचो. एवढ्या मोठ्या बाईला 'आमची पोरं' म्हणावंसं वाटलं, म्हणून रडली इथे माणसं. मग ती माफी आली. सगळे तिला शिव्या घालत होते. मी काही बोललो नाही. मला आवाज कळला."

"घुम्या, अरे तुझ्यासाठीच..."

"ते कागदावरूनच कळलं. साहेबांना सांगून त्या जागी मी दुसऱ्याला पाठवलं. त्याची मुलगी चार महिन्यांची आहे."

"परत ये रे," ती म्हणाली, "मला काही नको, तू फक्त परत ये."

मग त्याने विचारलं, रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही, अगदी खरंच विचारलं, "आई, हे तू बोलतेयस ना? की कुणी लिहून दिलंय?"

तिने तोंड उघडलं, पण त्याची तीन मिनिटं संपली होती. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी, सकाळीच, दारात सैन्याची दोन माणसं आली.