तारीख नसलेला राजीनामा

शुक्रवारच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका बुधवारी सकाळी घरी आली. मयुरीने ती चहा पिता पिता वाचली आणि सातव्या विषयावर थांबली. गट नंबर २१२, क्रीडांगणाचं आरक्षण उठवण्याबाबत. खाली जमीनमालकाचं नाव होतं, लताबाई जीवराम चौधरी.

लताबाई म्हणजे नानांची बायको.

फैजपूरपासून नऊ किलोमीटरवरच्या त्या गावाची नगरपंचायत झाली, तेव्हा निवृत्त शिक्षक जीवरामनाना चौधरींनी एक आघाडी काढली होती. पहिल्याच बैठकीत त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलेली अकरा कलमं वाचून दाखवली. गावात या कलमांना सगळे आघाडीची घटना म्हणायचे. चौथ्या कलमात होतं, ज्या नगरसेवकाचा किंवा त्याच्या घरच्यांचा एखाद्या विषयात हितसंबंध असेल, त्याने तो लपवला तर पद सोडायचं. ते सोडताना कुरकुर होऊ नये म्हणून प्रत्येक उमेदवाराने तारीख न टाकता राजीनाम्यावर सही करून तो नानांकडे ठेवायचा. मयुरीने सही केली तेव्हा तिला अभिमान वाटला होता. नाना तिचे नागरिकशास्त्राचे सर. चाळीस वर्षांत त्यांनी कोणाकडून चहासुद्धा फुकट घेतला नाही, असं लोक सांगत.

संध्याकाळी ती त्यांच्याकडे गेली. नाना ओट्यावर बसले होते.

"ये. सातव्या विषयाबद्दल आलीस ना?" ते म्हणाले.

"हो नाना. जमीन काकूंच्या नावावर आहे."

"तिच्या माहेरची आहे. बावीस वर्षं तिथे आरक्षण आहे. नगरपंचायत जमीन घेतही नाही आणि सोडतही नाही. हा अन्याय नाही का?"

"अन्याय असेल. मग कोर्टात जाता येतं. पण आपलीच आघाडी आपल्याच माणसाच्या जमिनीचं आरक्षण उठवणार असेल, तर चौथं कलम..."

"चौथं कलम नगरसेवकांसाठी आहे," नाना शांतपणे म्हणाले. "मी नगरसेवक नाही."

"संस्थापकासाठी कोणतं कलम आहे?"

घटना लिहिताना त्यांनी स्वतःसाठी एकही ओळ लिहिली नव्हती, आणि इतक्या वर्षांत कोणी ते विचारलंही नव्हतं. मयुरीनेही नाही.

आतून त्यांचा मुलगा ललित आला. केळीचा मोठा व्यापारी. मयुरीचा नवरा नीलेश त्याच्याच ट्रकांवर माल भरण्याचं काम बघायचा.

"ताई, सतरा जणांत आपले नऊ," ललित म्हणाला. "तुम्ही विरोधात गेलात तर विषय पडतो. तुम्ही सभागृहातच नसलात, तर आठ-आठ होतात आणि अध्यक्षांचं निर्णायक मत आपलं. नानांच्या कपाटात तुमचं पत्र आहे. एवढं लक्षात असू द्या."

मयुरीने नानांकडे पाहिलं. ते ललितला गप्प करतील असं तिला वाटलं. ते रस्त्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर तिने नीलेशला सगळं सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "माझं काम जाईल."

"हो."

"कोकिळाबाईंच्या वेळी तू गप्प होतीस. आताही गप्प बसता येईल."

तो टोमणा मारत नव्हता, खरंच सुचवत होता. पण मयुरीला ते बोलणं लागलं, कारण त्या वेळी ती नुसती गप्प नव्हती.

कोकिळाबाई तिच्याच आघाडीच्या नगरसेविका होत्या. त्यांचे पती अभिमन पंक्चर काढायचे. त्यांची पत्र्याची टपरी गटारीवर हातभर पुढे आली होती. अतिक्रमणांच्या विषयात त्यांनी घरची टपरी लपवली अशी कोणीतरी तक्रार केली, आणि नानांनी चौथं कलम काढलं. कोकिळाबाई म्हणाल्या होत्या, चार दिवस द्या, टपरी मागे घेतो. नानांनी ऐकलं नाही. कपाटातून त्यांचा राजीनामा काढून त्यांनी मयुरीपुढे ठेवला आणि म्हणाले, "माझा चष्मा सापडत नाही, तारीख टाक." मयुरीने टाकली होती. महिनाभराने ते कुटुंब गाव सोडून धुळ्याला गेलं.

गुरुवारी पहाटेच्या बसने ती निघाली. जळगावला बस बदलली, एरंडोल मागे पडलं, साडेदहाला धुळं आलं. देवपुरात एका कॉलेजजवळच्या मेसमध्ये कोकिळाबाई भाकऱ्या थापत होत्या. मयुरीला पाहून त्यांनी हात थांबवला नाही.

"बस," त्या म्हणाल्या. "कशी काय वाट चुकनी?"

मयुरीने सगळं सांगितलं. आघाडी कोऱ्या तारखेचे राजीनामे घेते, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला लिहून द्यायचं होतं. एकटीच्या शब्दाला वजन नव्हतं. कोकिळाबाईंनीही सही केली तर कार्यालयाला चौकशी करावी लागेल.

कोकिळाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "मन्हा राजीनामावर तारीख कोन्ही टाकी व्हती?"

मयुरीने बसमध्ये अर्ज लिहिला होता. त्यात फक्त "आघाडीकडून तारीख टाकण्यात आली" एवढंच होतं.

"मी टाकली, कोकिळाअक्का."

"माले म्हाइत शे. तुन्हा अक्षर मी वळखस." त्यांचा आवाज चढला नाही. "दीड वरीस मी वाट दखी, तू येशी, सांगशी. आते तुन्हावर येनं तव्हय उनी."

स्वतःवर वेळ आली तेव्हाच ती आली होती, हे खरं होतं; मयुरीला मान वर करता येईना. बाजूच्या गॅसवर वरण उकळत होतं. कोकिळाबाईंनी ते उतरवलं.

"अर्ज परत लिख. बठ्ठं लिख. तुन्हं नाव बी लिख. मंग मी सही करसू."

मयुरीने मेसच्याच बाकावर बसून अर्ज पुन्हा लिहिला. आपलं नाव आलं त्या ओळीवर तिचा हात थांबला. यावरून तिच्यावरच कारवाई होऊ शकत होती. तिने ओळ पूर्ण केली. कोकिळाबाईंनी हात पुसले, अर्ज दोनदा वाचला आणि सही केली.

परतीची बस एरंडोलच्या अलीकडे होती तेव्हा नीलेशचा फोन आला. "ललित आणि नाना गाडीने जळगावला निघालेत. सोबत तुझ्या राजीनाम्याचं पाकीट आहे. किती वेळ लागेल तुला?"

"तासभर तरी."

"कार्यालय बंद होण्याआधी पोच," तो म्हणाला. मग म्हणाला, "मी आज त्यांच्या ट्रकवर गेलो नाही."

पुढे रस्त्याचं काम चालू होतं. बस वीस मिनिटं जागेवर उभी राहिली. मयुरी सारखी घड्याळ बघत होती. जळगावच्या स्टँडवरून रिक्षा करून ती जिल्हाधिकारी कार्यालयात पोचली तेव्हा सव्वापाच झाले होते. आवक कक्षातल्या लिपिकाने तिचं नाव वाचलं आणि समोरच्या रजिस्टरकडे पाहिलं.

"तुमचा राजीनामा आधीच आलाय, मॅडम. चार वाजून दहा मिनिटांनी."

"मी राजीनामा दिलेला नाही," मयुरी म्हणाली. "हा माझा अर्ज घ्या आणि मला साहेबांना भेटू द्या."

अधिकारी एक मध्यमवयीन बाई होत्या. आत नाना आणि ललित आधीच बसलेले होते. बाईंनी मयुरीचा अर्ज सावकाश वाचला, मग राजीनामा तिच्यासमोर सरकवला.

"सही तुमची?"

"माझी."

"तारीख कालची आहे. ती तुम्ही टाकलीत?"

"नाही. ही सही मी निवडणुकीच्या आधी केली होती."

"तिनेच टाकली," ललित लगेच म्हणाला. "काल संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून. आता दबावाखाली फिरली."

बाई नानांकडे वळल्या. "तुम्ही आघाडीचे संस्थापक. तुमच्यासमोर टाकली का?"

नाना गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. ललितने त्यांच्या खांद्याला हळूच स्पर्श केला. हा माणूस हो म्हणाला तर तिच्याकडे काहीच पुरावा नव्हता, आणि उद्या सकाळी ती नगरसेविका नसणार होती.

"सर," ती म्हणाली, "मी अर्जात माझी चूकही लिहिली आहे. कोकिळाबाईंच्या वेळची."

नानांनी अर्जासाठी हात पुढे केला. बाईंनी तो दिला. नानांनी खिशातून चष्मा काढून वाचायला सुरुवात केली. मयुरीचं नाव असलेल्या ओळीवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

"तारीख मी टाकली," ते म्हणाले. "काल रात्री. अक्षर माझं आहे."

"नाना, काय बोलताय?" ललित म्हणाला.

"खोटं लिहिलं, तेवढं पुरे. खोटं बोलणार नाही."

बाईंनी त्यांचा जबाब तिथेच लिहून घेतला. राजीनामा ग्राह्य धरता येणार नाही, असा शेरा मारला. मग मयुरीला म्हणाल्या, "कोकिळाबाईंच्या प्रकरणात तुमचीही चौकशी होईल. कल्पना आहे ना?"

"आहे."

बाहेर व्हरांड्यात नाना तिच्याजवळ थांबले. "त्या दिवशी चष्मा खिशातच होता," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाच्या हातून झालं की आपण नामानिराळे राहतो, असं वाटलं होतं."

मयुरीने अर्जाची पोच पिशवीत ठेवली. क्षमा करावी इतकं तिच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि रागही नीट येत नव्हता. ललितने गाडी आणली. नाना मागच्या सीटवर बसून गेले.

शुक्रवारी सातवा विषय आठ विरुद्ध नऊ मतांनी पडला. आघाडीतल्या दोघांनी मयुरीशी बोलणं सोडलं. नीलेशला ललितने काम बंद झाल्याचं फोनवर कळवलं, आणि तो आता सावद्याला दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जातो, रोज दीड तास जास्त. आरक्षणाविरुद्ध लताबाईंनी कोर्टात दावा लावला. आधीच लावायला हवा होता, असं मयुरीला वाटतं. तिची चौकशी सुरू आहे. नानांनी उरलेले सगळे राजीनामे ज्याचे त्याला परत पाठवले, पण आघाडीच्या बैठकीला ते परत आले नाहीत.

कोकिळाबाईंची जागा पोटनिवडणुकीत केव्हाच भरली होती. ती परत मिळणार नव्हती. मयुरीने ते सांगायला फोन केला आणि पुढच्या निवडणुकीत उभ्या राहाल का, असं चाचरत विचारलं.

"कोन्ही आघाडीकडथीन?"

"कोणाच्याच नाही. आपली आपण."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"रविवारी इथं ये," कोकिळाबाई म्हणाल्या. "अभिमन घर ऱ्हातीन. त्यास्ले बी इचार. पहिलं त्यासनी माफी माग, मंग बाकीनं बोलसूत."

"येते," मयुरी म्हणाली.