गाढवाशी बोलायला माणूस पाहिजे

आप्पांनी "एकदा काय झालं" म्हणायचा अवकाश, की स्वयंपाकघरात मिक्सर सुरू व्हायचा. भांड्यात काही असो वा नसो. बायकोचा हात त्या बटणावर इतका बसला होता, की आप्पांनी नुसता घसा खाकरला तरी पाती फिरायला लागत. मुलगा नेमका तेव्हाच अंघोळीला जायचा, सून कानात इअरफोन खुपसायची. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा देण्यात आप्पांचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर माईक सुटला, सवय सुटली नाही. गल्लीत त्यांना "भोंगा" म्हणत. त्यांच्याकडे एक खरोखर सांगण्यासारखी गोष्ट होती, बिनड्रायव्हरच्या बसची. तिची सुरुवात अख्ख्या गल्लीला पाठ होती. शेवटापर्यंत मात्र त्यांना कुणीच कधी पोचू दिलं नव्हतं, आणि ते त्यांच्या मनाला फार लागायचं.

अशात गल्लीच्या टोकाला जो प्राण्यांचा निवारा आहे, तिथल्या गाढवाला पाण्याच्या टँकरनं उडवलं. गाढव फाटकाच्या आत उभं होतं. टँकरवाल्याचं म्हणणं, तरी त्यानं हात दाखवायला हवा होता. ते असो. पुढचा पाय मोडला. निवाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी पत्र्याच्या शेडमधल्या तुळईला ताडपत्रीचा झोळा बांधून गाढवाला उभ्याउभ्या टांगलं. मोठं ऑपरेशन करणारे सर्जन परगावी होते. ते येईपर्यंत पाय हलला नाही तर गाढव वाचणार, हलला तर नाही.

गल्ली मदतीला धावली. इतकी पांघरुणं जमली, की निवाऱ्यातली कुत्री त्या ढिगावर चढून भिंतीपलीकडे उतरू लागली. एकानं व्यायामाची सायकल आणून ठेवली, बरं झाल्यावर लागेल म्हणून. गाढव मात्र थरथरत होतं, झोळ्याला हिसडे देत होतं. एवढ्यात बाईंनी प्लास्टर न पाठवणाऱ्या दुकानदाराला फोनवर झाडायला घेतलं, आणि गाढव गप्प झालं. फोन ठेवला, गाढव उसळलं. पुन्हा लावला, पुन्हा गप्प.

"याला शांतता सोसत नाहीये," बाई म्हणाल्या. "गुंगीचं औषध आणखी दिलं तर हृदय थांबेल. कुणीतरी कानाशी बोलत राहा. अजिबात थांबू नका."

आधी वकीलसाहेब बसले. पण समोर कुणी आक्षेपच घेईना, म्हणून थोड्याच वेळात त्यांना सुचेनासं झालं. शाळेतल्या बाईंनी पाढे म्हटले. गाढव पेंगायला लागलं, तोच त्यांनी सवयीनं "सांगा बरं, सतरा सत्ते?" असं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. तुळई हादरली. वॉर्डाचे पुढारी टाळ्यांसाठी थांबले आणि लंगडत घरी गेले. समोरचं नवं जोडपं भांडत आलं तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं, पण ऐन रंगात येऊन दोघांनी चक्क समेट केला. गल्लीनं त्यांना अजून माफ केलेलं नाही.

शेवटी सगळ्यांनी हात टेकले, तेव्हा आप्पांची सून म्हणाली, "आमच्याकडे एक आहेत."

तिनं आप्पांना एका चादरीसकट आणून दिलं. "परत कधी न्यायचं तेवढं कळवा," असं डॉक्टरीणबाईंना सांगून ती गेली.

"काय बोलू?" आप्पांनी विचारलं. कुणीतरी चेष्टा करतंय असंच त्यांना वाटत होतं.

"वाटेल ते."

"आणि थांबू कुठे?"

"थांबूच नका, आप्पा."

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते जे सुरू झाले! सगळे मार्ग, सगळे थांबे, हरवलेल्या छत्र्या, सापडलेल्या मावश्या. डोळा लागला तरी झोपेत ते फलाटांचे नंबर सांगत. बायको दोन वेळा डबा आणायची, पांघरुणांच्या ढिगावर ठेवायची आणि एक शब्द न बोलता बाहेर पडायची. गाढव तिन्ही पायांवर शांत उभं होतं.

आणि नेमका सर्जनसाहेबांचा निरोप आला, की वाटेत गाडी बिघडली, उशीर होईल. इकडे आप्पांचा घसा बसत चालला होता. आवाजाची नुसती कुजबुज उरली होती, आणि सांगण्यासारखी एकच गोष्ट. ती त्यांनी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ही पण कुणी तोडली तर ते त्यांना सहन झालं नसतं.

ते गाढवाच्या कानाला तोंड लावून म्हणाले, "एकदा काय झालं..." आणि सवयीनं मिक्सरची चाहूल घेतली. मिक्सर नव्हता. गाढवानं कान टवकारले.

"मी घोषणा केली, गाडी सुटत आहे. आणि सुटली की रे! ड्रायव्हर चहाला गेलेला, ब्रेक ढिला, पुढे उतार. गाडी माणसांनी भरलेली, कंडक्टर आत तिकिटं फाडतोय. कुणाला पत्ताच नाही! माझ्या हातात काय, तर माईक. मी म्हटलं, आत्ताच सुटलेल्या गाडीनं कृपया परत यावं. उतार संपला, पलीकडचा चढ लागला, गाडी दमली, थांबली, आणि आली की परत! मागे मागे येत बरोब्बर फलाटाला लागली. जन्मभर घोषणा दिल्या, बाबा. माझं ऐकलं ते त्या एका गाडीनं."

आणि आवाज गेला. पार गेला. डॉक्टरीणबाईंनी श्वास रोखला. तुळई हलली नाही. गाढवानं आप्पांच्या खांद्यावर तोंड टेकलं आणि ते वाट बघत राहिलं. सर्जनसाहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत ते तसंच उभं होतं.

ऑपरेशन झालं. पाय वाचला, गाढव वाचलं. आप्पांना बाईंनी महिनाभर चकार शब्द बोलायचा नाही असं बजावून घरी पाठवलं.

आप्पा स्वयंपाकघरात पाटावर बसले. बायको सवयीनं मिक्सरपाशी जाऊन उभी राहिली. आप्पा गप्प. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मुलगा अंघोळीला जायचं विसरून दारात उभा राहिला. घर कसं खायला उठलं होतं.

"एकदा काय झालं," शेवटी बायकोच म्हणाली.

तिनं बसची गोष्ट सांगायला घेतली. फलाट चुकीचा सांगितला, ड्रायव्हरला चहाऐवजी न्हाव्याकडे पाठवलं. आप्पा हातवारे करून थकले. मग ती म्हणाली, "...आणि मागे मागे येत बरोब्बर फलाटाला लागली." आप्पांचे हात हवेतच राहिले. हा शेवट त्यांनी फक्त गाढवाला सांगितला होता.

"बघताय काय असे? डबा ठेवून शेडच्या पत्र्याला बाहेरून कान लावून उभी असायचे मी. रोज. इथे ऐकलं नाही हो मी तुमचं, तिथे ऐकलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "आता माझंही ऐका. एकदा काय झालं, माझ्या थोरल्या बहिणीच्या जावेनं..."

ती जी सुरू झाली! जावेवरून नणंदेवर, नणंदेवरून व्याह्यांवर. दिवेलागणीची वेळ झाली तरी गोष्टीतली जाऊ अजून घरातून निघालीच नव्हती. ऐकता ऐकता आप्पांचा हात आपोआप मिक्सरच्या बटणाकडे गेला. आपण काय करतोय हे कळल्यावर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मिक्सरची पिनच उपटून काढली, पाट बायकोजवळ सरकवला आणि कान टवकारून बसले.