आम्हाला पोहता येत नाही

मी एक म्हातारी पाणनिवळी आहे, मित्रांनो. पाण्यावर तुरुतुरु पळणारा लांब पायांचा किडा तुम्ही पाहिला असेल, तीच मी. आमचं आयुष्य जेमतेम दोन-तीन महिन्यांचं, त्यातलं बरंच सरलं, म्हणून म्हातारी. हसू नका. आटपाडीजवळच्या एका ओढ्यात माझा जन्म झाला. ओढा आटला तशी उडत भाऊसोच्या डाळिंबाच्या बागेतल्या शेततळ्यावर आले. सगळीकडे काळं प्लास्टिक, काठाला ना गवत ना दगड. पण पाणी मुबलक होतं. पडलेल्या माशा-चिलटांवर पोट भरायचं आणि दिवसभर हुंदडायचं.

भाऊसोची लेक माया आम्हाला बघत काठावर बसायची. आम्ही बुडत कशा नाही, असं आजीला पुन्हा पुन्हा विचारायची. आजी अंबूबाई हौसेनं सांगायची, की लहानपणी तिनं निवळ्या गिळल्या आणि माहेरच्या विहिरीत मासोळीगत पोहायला लागली. ते ऐकून मी फुगून जायचे. जळो मेलं ते कौतुक!

एका दुपारी माया एकटीच आली. तिनं ओंजळीत आम्हाला धरलं आणि माझ्या तीन बहिणी पाण्याच्या घोटाबरोबर गिळल्या. मी बोटांच्या फटीतून निसटले. मग तिनं चपला काढून ठेवल्या आणि पाण्यात उतरली. प्लास्टिकवरून पाय घसरला. तिनं खूप हात मारले, पण धरायला काही नव्हतं. लाटांनी मी पार पलीकडे फेकले गेले. थोड्या वेळानं पाणी हलायचं थांबलं.

भाऊसोनं तिला बाहेर काढलं, तेव्हा ती गेली होती. अंबूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन एकच बोलत होती.

"माज्या बानं कमरंला दोर बांधला हुता गं. दोराचं सांगायचंच ऱ्हायलं माज्याकडनं."

मित्रांनो, आम्हाला पोहता येतच नाही. पायांवरच्या बारीक केसांमुळे आम्ही वरच्या वर राहतो. पाण्याखाली गेलो तर आम्हीही मरतो. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मला फार वाईट वाटतं. ओरडून सांगायला मला आवाजही नाही.

आम्हाला गिळू नका. पोहायला शिकताना कमरेला दोर बांधा आणि त्याचं टोक मोठ्या माणसाच्या हातात द्या. तुमच्या रानात शेततळं असेल, तर त्यात चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आजच सोडायला सांगा. भाऊसोनंही सोडलेत. आमच्या तळ्यात ते उशिरा आले.