उशिराचा ठोका

लोरेनचा फोन आला तेव्हा मी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या स्वयंपाकघरात, सिंकखाली पाठीवर आडवा होतो. लोकांची स्वयंपाकघरं बसवून देणं हा माझा धंदा.

"रस, कुठे उलथलायस?" आवाज तोच, फक्त आता त्याला श्रीमंती आली होती. "आपली रेकॉर्ड तिशीची झाली. सिटी हॉलमध्ये कार्यक्रम करायचाय. अख्खी रेकॉर्ड, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत."

डोकं सिंकच्या पाइपावर आपटलं, तरी मी हसत होतो.

"शनिवारी तालमीला ये," ती म्हणाली. "एकदा वाजवून बघू, जमतंय का ते."

जमतंय का? पेपर ट्रॉलर हा बँड तिघांचा. लोरेन गाणार आणि बेस वाजवणार, गिटारवर एड्रियन, ड्रम्सवर मी. माझ्याच बँडमध्ये माझी परीक्षा! पण मूग गिळून "येतो" म्हणालो, कारण मला ती जागा हवी होती. दुसरं काहीच मला इतकं कधी हवं नव्हतं.

मी जळायचो या दोघांवर. उगाच मोठेपणाचा आव कशाला आणू? बँड मोडल्यावर लोरेन एकटी गायला लागली आणि तिचं तोंड आमच्या हल शहरातल्या बसेसवर झळकलं. पाऊस पडत असला की ती बस हटकून माझ्याच अंगावर पाणी उडवून जायची. एड्रियन लंडनला गेला आणि टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिकांना संगीत द्यायला लागला. दर रविवारी कुणाचा तरी मुडदा सापडायचा, एड्रियनचा पियानो वाजायचा आणि माझी सख्खी आई म्हणायची, "किती गुणी पोरगा!" मी लग्नाच्या पार्ट्यांत वाजवलं, पुढे तेही सुटलं. पण गॅरेजमधले ड्रम्स मी विकले नाहीत. रोज संध्याकाळी रेकॉर्ड लावून तिच्याबरोबर वाजवायचो, आणि एक गोष्ट दुरुस्त करायचो.

ती गोष्ट 'गुडबाय फेरी'मधली. आमचं लोकांना माहीत असलेलं गाणं ते एकच. शेवटच्या कडव्याआधी तिघंही थांबतो आणि माझ्या एका ठोक्यावर पुन्हा सुरू होतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टिक माझ्या हातातून निसटली. मांडीवर पडली, ती धरून ठोका दिला तोवर उशीर झाला होता. दोघं माझी वाट बघत खोळंबले आणि माझ्यामागे आले. मी म्हणालो, पुन्हा घेऊ. एड्रियन म्हणाला, राहू दे, फिश-चिप्स गार होतायत. मग ते तसंच छापलं गेलं. लोकांना ते इतकं आवडलं की विचारू नका. मला मात्र रेडिओवर ते लागलं की कानाची पाळी गरम व्हायची. म्हणून इतकी वर्षं मी तो ठोका वेळेवर देत आलो.

शनिवारी हेसल रोडमागच्या गोदामात गेलो तर ड्रम्सवर आधीच एक तरुण बसलेला. मला बघून ताडकन उठला.

"मिस्टर टॉयन! मी कॅलम."

"हा आपली गाणी वाजवत पबमधून फिरतो," एड्रियन म्हणाला. केस पांढरे झाले होते, पण ते पांढरेही महागाचे दिसत होते. "नक्कल करणारा बँड आहे यांचा. म्हटलं, ड्रम्स मांडायला मदत होईल."

मदत! मला काय दुधखुळा समजला होता? पण बसलो. पहिली तीन गाणी अशी वाजली की लोरेनने वळून मला डोळा मारला. मी मनातल्या मनात सिटी हॉलच्या स्टेजवर चढलोसुद्धा.

मग 'गुडबाय फेरी'. थांबलो. मी ठोका दिला, अगदी चोख, वेळेवर. आणि लोरेनचं तोंड अजून मिटलेलंच. ती श्वास घेत होती. एड्रियनचा हात वर तसाच. सगळं एकमेकांवर आदळलं.

"लवकर आलास रे," ती म्हणाली.

"वेळेवर आलो."

"तेच म्हणतेय मी."

पुन्हा केलं. पुन्हा लवकर. हात ऐकेना. मग मुद्दाम उशीर केला तर फारच उशीर झाला.

"आता तू उशीर *करतोयस*," एड्रियन म्हणाला. "ऐकू येतंय ते."

"मग तूच ये ना इथे बसायला! मालिकेत मुडदा पडेपर्यंत थांबायची सवय आहे तुला."

कुणी हसलं नाही. लोरेन कॅलमकडे न बघता म्हणाली, "कॅलम, एकदा तू वाजव बघू."

त्याने वाजवलं. थांबला. आणि तो ठोका आला तो जसाच्या तसा, स्टिक निसटून, मांडीवर पडून, उचलून दिल्यासारखा. त्याच्या हातातून काहीही निसटलं नव्हतं. लोरेनचे डोळे मिटलेले होते आणि ती हसत होती. असंच ती पूर्वी माझ्याकडे पाठ करून, माझ्या ठोक्यावर हसत असणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पोराचे हात दारात सापडावेत असं वाटलं, खरंच वाटलं.

"रस," ती जवळ येऊन म्हणाली, "लोक रेकॉर्ड ऐकायला येणार आहेत रे राजा. शेवटी तू स्टेजवर ये ना आमच्याबरोबर. सगळ्यांना नमस्कार करू."

"नमस्काराला तरी वेळेवर येऊ का उशिरा?"

मी कोट उचलला.

कॅलम दारापर्यंत मागे आला. "मिस्टर टॉयन, एक विचारू? ती उशिराच्या ठोक्याची जागा तुम्हाला सुचली कशी? मला ती हातात बसायला चार वर्षं लागली."

"ते उपजत असावं लागतं," मी म्हणालो. बिचाऱ्याचा चेहरा पडला. घरी जाईपर्यंत मला तेवढ्यावरच बरं वाटलं.

कार्यक्रमाला जाणार नव्हतो. गेलो. लोरेनने पाठवलेलं पुढच्या रांगेचं तिकीट ठेवून दिलं आणि स्वतः मागच्या रांगेचं विकत घेतलं. सिटी हॉल तुडुंब होता. माझ्याच वयाची माणसं, जुने टी-शर्ट पोटावर ताणून बसवलेले. 'गुडबाय फेरी' सुरू झाल्यावर सगळे उभे राहिले, मीही राहिलो. शेवटच्या कडव्याआधी तिघं थांबले, आणि सबंध हॉलने हात वर नेले. टाळी वाजवायला. कुणी हलेना. सगळ्यांना ठाऊक होतं किती थांबायचं ते. इतक्या माणसांनी माझी चूक इतकी वर्षं पाठ केली होती.

त्या शांततेत एकच टाळी वाजली. माझी. वेळेवर.

मग कॅलमचा ठोका आला आणि त्याच्यावर सगळ्या हॉलची टाळी पडली.

शेजारची बाई माझ्याकडे वळली. गळ्यात पेपर ट्रॉलरचा जुना मफलर होता. मला सांभाळून घेत ती म्हणाली, "पहिल्यांदाच ऐकताय वाटतं हे गाणं?"

"हो," मी म्हणालो.