सातव्या पिंपाचा वास

पंधरा वर्षं त्या घरात मोठ्या सुनेच्या जिभेला मान होता. तळघरातलं वाइनचं कुठलंही पिंप उघडलं की पहिला पेला तिच्या हातात जायचा. ती घोट तोंडात घोळवायची, बादलीत थुंकायची, "होय" म्हणायची, आणि सासऱ्यांचा प्रश्न संपायचा. नदीकाठच्या मातीतलं मर्लो द्राक्ष मऊ, आलुबुखारासारखं. वरच्या खडकाळ उतारावरचं शिराझ मात्र हट्टी: बारीक मणी, जाड साल, वाइनमध्ये मिरीचा झणका. डोळे मिटून ती सांगायची, कुठल्या ओळीतलं आहे ते. ही देणगी देवाची, हे ती मानायची. देव तीच देणगी आणखी कुणाला देईल, हे काही तिच्या मनात आलं नव्हतं.

मग धाकटी सून घरात आली. कुठे शिकलेली नाही, काही नाही. पण गेल्या महिन्यात सासऱ्यांनी दोनदा पहिला पेला तिच्याकडे दिला. सहज दिला. थोरलीने दोन्ही वार लक्षात ठेवले.

आज उताराच्या शिराझची बारा पिंपं एका टाकीत मिसळायची होती. आणि थोरलीला तीन दिवस सर्दी होती. बोलली नाही कुणाला. बोलली असती तर पेला कायमचा तिकडे गेला असता.

सहा पिंपांना दोघींनी होकार दिला. थोरली आधी धाकटीचं तोंड बघायची, मग मान हलवायची.

"बाबा, या सातव्यात काहीतरी आहे," धाकटी म्हणाली. "ओला पुठ्ठा कोपऱ्यात कुजल्यासारखा वास येतोय."

"पुठ्ठा?" थोरली हसली. "परवा तुला शाईचा आला होता. उद्या चपलेचा येईल."

पंपाजवळचे मिस्त्री मिशीत हसले. धाकटीचा चेहरा उतरला, आणि थोरलीच्या पोटात कसं गार वाटलं. मत्सर मोठा सोंगाड्या असतो, बरं का. पोटात शिरला की न्यायाधीशाचा झगा घालूनच बोलतो.

"तू काय म्हणतेस, सूनबाई?" सासऱ्यांनी थोरलीला विचारलं.

तिने घोट घेतला. जिभेवर नुसता आंबट-तुरटपणा. नाकात जणू कापूस कोंबलेला.

"छान आहे. मिरीचा झणका आहे. घ्या टाकीत."

"झालं तर. पंधरा वर्षांत हिची जीभ खोटं बोललेली नाही. मिस्त्री, सातवंही जोडा."

मिस्त्रींनी नळी पिंपात सोडली.  धाकटीने पेला पुन्हा नाकाशी नेला, मग स्वतःशीच पुटपुटली, "मलाच भास झाला असेल."

थोरलीला नेमकं हेच तर ऐकायचं होतं. ऐकलं, आणि तिची नजर नळीकडे गेली. त्या पोरीला भास झालेला नव्हता, हे तिला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. पिंपाच्या लाकडाला बुरशी धरली की असाच वास येतो. एक पिंप साऱ्या टाकीची माती करतं. वर्षभराचा अख्खा उतार वाया.

मिस्त्रींचा हात पंपाच्या बटणाकडे गेला.

"थांबा," ती म्हणाली. "मला सर्दी आहे. तीन दिवस कसलाच वास येत नाही."

सासरे तिच्याकडे वळले. "मग मिरी कुठून आली?"

"गेल्या वर्षीच्या वाइनमधली. आठवणीतली."

त्यांनी तिच्या हातातला पेला काढून घेतला. सातवं बाजूला लोटायला सांगितलं. मग धाकटीला म्हणाले, "उरलेली पाच तू बघ."

चटका बसायचा तिथे बसलाच. थोरली जिन्याकडे वळली.

"ताई," मागून आवाज आला. धाकटी आठव्या पिंपापाशी अडली होती. "यात काहीतरी चांगलं आहे, पण नाव सापडत नाही. तुम्ही सांगा ना."

निघून जाता आलं असतं. थोरली पायरीवर थांबली.

"नाकातच राहतं, की घशात गरम लागतं?"

"घशात."

"लवंग," थोरली म्हणाली. "आणि पेला दांड्याला धर. मुठीत धरलास की वाइन तापते."

धाकटीने तसा धरला. तिच्या हातात तो शोभला, आणि थोरलीला ते अजिबात आवडलं नाही.